आधी कागद वाच

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. पहिला प्रश्न परीक्षेचा, १८७५ चा पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांचा उठाव सावकारामुळं झाला की सरकारच्या साऱ्यामुळं, म्हणजे शेतजमिनीवरच्या करामुळं, एका ओळीत सांगा सर. आणि त्याच्या खाली जाता जाता टाकलंयस की दादांनी गावात एकाकडनं पैसे उचललेत, कसल्याशा स्टँपपेपरवर सही केलीय, अभ्यासिकेत मन लागत नाही, सगळं सोडून घरी जाऊ का. तुला हे दोन वेगळे प्रश्न वाटतायत. मला नाही वाटत. दोन्हीला माझं उत्तर एकच आहे, कागद वाच.

तुझ्या नोट्समध्ये सुप्याबद्दल, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या ज्या गावात उठाव सुरू झाला त्याबद्दल, "सावकारांवर हल्ले" एवढंच लिहिलंय, आणि ज्यानं कोणी ते लिहिलं त्याचा मला राग येतो. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस, आजूबाजूच्या गावांतली माणसं सुप्यात जमलेली. दुकानं लुटली, घर पेटवलं, हे झालंच. पण त्यांना हवं काय होतं ते बघ ना. रोखे, म्हणजे कर्जाचे लिहून घेतलेले कागद, हवे होते, खतावण्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, हव्या होत्या. पुढं शिरूर, इंदापूर, नगरकडं पारनेर, श्रीगोंदा असं पसरत गेलं तेव्हाही तेच, सावकारानं मुकाट कागद काढून दिले की लोक बहुतेक ठिकाणी त्याला हात न लावता निघून जायचे. झळ मुख्यतः मारवाडी-गुजर सावकारांना बसली हेही खरं, ते लपवायचं कारण नाही, पण व्याज वाढवत होता तो कागद. तुमच्या शिरूर तालुक्यातल्या करडे गावात तर त्याच्या आधीच, डिसेंबर १८७४ मध्ये, सावकाराला वाळीत टाकलं होतं, त्याचं शेत करायला कुणी जाईना, न्हावी जाईना. आगीच्या आधी हे पाच महिने झालेत, ते पेपरात लिही.

आता सावकार की सारा. सरकारच्या चौकशी कमिशननं सावकारावर बोट ठेवलं, सरकारला तेच सोयीचं होतं. पण सारा रोखीत भरायचा, ठरल्या तारखेला भरायचा, पीक आलं न आलं तरी भरायचा, मग रोकड आणणार कुठनं, सावकाराकडनंच ना. इंदापुरात १८३६ ला तीस वर्षांसाठी सारा ठरला होता, मुदत संपल्यावर फेरआकारणी झाली आणि कितीतरी गावांत तो ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. आणि कधी वाढला? अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचे भाव कोसळले, तेजीत दारात येऊन पैसे देणाऱ्या सावकारांनी हात आखडते घेतले, त्याच सुमाराला. पुण्यात सार्वजनिक सभा ही लोकांची गाऱ्हाणी मांडणारी संस्था उठावाच्या आधीपासून या साऱ्याबद्दल ओरडत होती. म्हणजे एका ओळीत हवं असेल तर ही घे, साऱ्यानं शेतकऱ्याला सावकाराच्या दारात नेलं आणि रोख्यानं परत येऊ दिलं नाही.

रोख्याचं नीट समजून घे, मार्कांसाठी नाही, दादांसाठी. १८५९ चा मुदतीचा कायदा आला, रोखा तीनच वर्षं चालणार. हेतू चांगला होता, व्याज साचू नये. झालं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घ्यायला लागला, मागचं थकलेलं व्याज नव्या मुद्दलात घालून. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही हा दामदुपटीचा जुना रिवाज होता, पण प्रत्येक रोख्याला मुद्दलच नवं म्हटल्यावर तो लागणार कुठं? कमिशनपुढं शंभर रुपये कर्जावर दोन हजारांच्या वर व्याज लावल्याची केस आली होती. भरल्याची पावती नाही, वर अंगठा, आणि कोर्ट बघणार तो अंगठाच. आता मार्चएंडला सोसायटीत आणि बँकेत नवं-जुनं करतात ते आठव. कागदावर कर्ज फिटलं, कागदावरच नवं मिळालं, आणि त्या दोन दिवसांसाठी खाजगी माणसाकडनं पैसे उचलले ते वेगळेच. दादांचं हेच झालंय का? विचारलंस तरी का?

मला लोक किचकट वकील म्हणायचे. सगळे कागद आणल्याशिवाय मी केसला हात लावत नव्हतो, पक्षकार वैतागून शेजारच्या टेबलाकडं जायचे, जाऊ दे म्हणायचो. आजही तसंच करीन. आमची दौंडकडची जमीन हातउसन्यापायी गेली, आमच्या वडिलांना गहाणखत म्हणून सांगितलं होतं आणि लिहिलं होतं कायम खरेदीखत, मी तेव्हा शाळेत होतो, पुढं कायदा शिकलो तेव्हा वडील राहिले नव्हते. एवढ्या वर्षांत ते मनातनं गेलेलं नाही. म्हणून तुझ्यावर ओरडतोय.

आणि ही खरेदीची युक्ती आजची नाही. उठावानंतर १८७९ ला पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांसाठी डेक्कन शेतकरी कायदा आला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, कोर्टाला रोख्याच्या मागं जाऊन हिशेब तपासता यायला लागला, न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली काम केलंय. रोखे जाळणाऱ्यांनी मिळवलेली ही गोष्ट आहे, तिला कमी लेखू नकोस. पण तोवर १८७६ चा दुष्काळ येऊन गेला होता, माणसं मेली होती. आणि सावकारही वाट काढत गेले, रोख्याऐवजी सरळ खरेदीखत, पैसे फेडलेस की जमीन परत देईन हे फक्त तोंडी.

तेव्हा रविवारी गावाला जा, पण राहायला नाही. दादांशी भांडू नकोस, त्यांची अब्रू आहे. स्टँपपेपरची कॉपी माग, कोरा होता का विचार, पैसे कसे दिले घेतले ते तारखेनं लिहून काढ. ताजा सातबारा आणि फेरफार बघ, रजिस्ट्री झाली असेल तर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, काढ, गहाण आहे की खरेदी ते त्यात दिसतं. खरेदी निघाली तरी घाबरू नकोस. २०१४ च्या सावकारी कायद्यात कलम १८ आहे, सावकारीपायी गेलेली जमीन, व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल तर, जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करून परत मागता येते. अर्ज मी लिहून देईन. सगळं स्वतः वाचून मग मला फोन कर, न वाचता केलास तर मी परत वाचायलाच लावणार.