टेप-इन हेअर एक्स्टेन्शन लावलेत, रात्री झोपताना वेणी घालू की मोकळे ठेवू? सासूबाई म्हणतात तेल लावून झोप, लावू का?

वेणी घाला, सैल. मोकळे ठेवून झोपलात तर सकाळी मानेपाशी जटा झालेल्या असतील आणि त्या सोडवताना तुमचे स्वतःचे केसही जातील. झालं उत्तर. पण ते तेलाचं वाचलं आणि मला राहवेना.

बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात माझे केस मूठमूठ गळायला लागले. बऱ्याच जणींचे गळतात, परत येतात, पण माझे परत यायच्या आतच दिराचं लग्न निघालं. फोटोत भांग रुंद दिसायला नको म्हणून मी टेपवाले, म्हणजे गोंदाच्या पट्टीनं मुळाशी चिकटवायचे केस, बसवून घेतले, घरात किंमत कुणाला सांगितली नाही. लग्न सोलापुरात, तेही मे महिन्यात, म्हणजे बघा. हळदीच्या रात्री हॉलमध्ये चादरी अंथरून आम्ही बारा बायका ओळीनं पडलो होतो आणि थोरल्या वन्सं खोबरेलची बाटली घेऊन आल्या. "डोकं किती तापलंय तुझं, ये इकडं." मी नको नको म्हणतच होते, पण बाळानं दोन रात्री झोपू दिलं नव्हतं आणि वन्संच्या हाताला अशी काही गोडी आहे की पाच मिनिटांत मी त्यांच्या मांडीवरच झोपले. त्यांनी टाळूपासून टोकापर्यंत चोपडून ठेवलं.

सकाळी धुवून टाकावं म्हटलं तर टाकी रिकामी. आमच्याकडे पाणी रोज येत नाही आणि घरात पाहुणे. तसाच अंबाडा घातला, वर दोन गजरे. मंगलाष्टकं चालू असताना कानामागं काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, मला वाटलं गजरा असेल. तेवढ्यात वन्संचा धाकटा मागून मोठ्यानं ओरडला, "मामी, तुमचे केस पडले!" हातात पट्टी उंच धरून. संध्याकाळपर्यंत अजून दोन गेल्या.

वन्संनी तेव्हापासून एकच धरलंय, "स्वस्तातले लावले असशील." पाच वर्षं झाली. आणि वर पुरावा काय, तर आजीनं गंगावनाला जन्मभर तेल लावलं, त्याला काही झालं नाही. अहो कसं होईल? गंगावन वेणीत गुंफायचं आणि रात्री सोडून खुंटीला टांगायचं, त्यात गोंद कुठंय? टेपला गोंद असतो. तेल मुळाशी गेलं की तो मऊ पडतो आणि पट्टी घसरते. पार्लरमध्ये पट्ट्या काढायला जे लिक्विड वापरतात ना, ते काही ठिकाणी तर चक्क तेलकटच असतं. म्हणजे मी पैसे देऊन लावून आले आणि वन्संनी फुकटात काढून दिले.

तेल वाईट असं मी म्हणत नाहीये. लावलेल्या केसांना टाळूचं तेल मिळत नाही, ते टोकाला कोरडे पडतात, म्हणून जोडापासून चांगलं खाली, टोकांना दोन थेंब चालतात. मुळाशी शून्य. सासूबाईंना स्पष्ट सांगा.

ओले केस घेऊन झोपू नका. आमच्याकडे नळ रात्री अकराला आला की मी न्हायला जायचे आणि तशीच आडवी व्हायचे, जोडापाशी गाठीच गाठी. आता ड्रायर कोमट ठेवून मुळं कोरडी केल्याशिवाय उशीला डोकं टेकवत नाही. विंचरायचं टोकाकडून वर, जोड एका हातात धरून. आणि उशीला जाड सुती अभ्रा नको. आपली सोलापुरी चादर कितीही प्रिय असली तरी ती केसांना घासते. मी जुन्या सॅटिनच्या परकराचा अभ्रा शिवला, फुकटात काम झालं.

"परक्याचे केस डोक्यावर कशाला" असंही घरात ऐकलंय. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातून कितीजण तिरुपतीला जाऊन केस देऊन येतात, देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं आणि तेच पुढं जगभर असल्या पट्ट्यांमध्ये जातात. मला तरी त्यात परकं काही वाटलं नाही.

हां, हे सगळं टेपचं झालं. क्लिपवाले असतील तर रात्री काढूनच ठेवायचे, गंगावनासारखे. केराटीननं चिकटवलेले किंवा शिवलेले असतील तर लावणाऱ्या ताईलाच विचारा, मला त्याचा अनुभव नाही. टेपवाले सहा ते आठ आठवड्यांत वर सरकवून घ्या, केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात, जोड खाली आला की झोपेत जास्त पीळ बसतो. काढताना पट्टीबरोबर केसांचा पुंजका निघतो, घाबरू नका, रोज पन्नास-शंभर केस गळतातच, ते त्यात अडकून राहिलेले असतात. पण मुळाशी दुखत असेल, फोड आले असतील तर आठ आठवड्यांची वाट बघू नका, काढून टाका.

वन्संच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलंय. परवा तिनं मला हळूच विचारलं, मामी कुठून लावले होते तुम्ही. हळदीच्या रात्री खोबरेलची बाटली माझ्या कपाटात असणार आहे, कुलूप लावून.