शाळूवर उतरणाऱ्या पिवळ्या चिमण्या: राखण कधी, कशी, आणि औषध का नको

मंगळवेढ्याच्या एका दादांचा फोन होता, साहेब दोन एकर मालदांडी (शाळूची, म्हंजे रब्बी ज्वारीची जात) चिकात आलीय, म्हंजे कोवळ्या दाण्यात दुधासारखा चिक भरलाय, आणि रोज सकाळी पिवळ्या चिमण्यांचा चारपाचशेचा थवा उतरतोय, घरातल्या चिमण्यांसारख्याच दिसतात पण पोट पिवळं, ह्या कुठल्या आणि यांच्यावर कुठलं औषध मारू. दुसरा प्रश्न करमाळ्याकडच्या एका ताईंचा, की चकाकणारी रिबिन आणून लावली, पहिले चार दिवस एक पाखरू फिरकलं नाही आणि आता रिबिनीच्या काठीवरच बसून कणसं खातात. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच पाखरू आहे म्हणून एकत्र लिहितोय, जरा लांबेल पण पूर्ण वाचा.

दादा, तुमच्या शेतातल्या त्या चिमण्या नाहीत, ते भारीट. नराचं डोकं काळं, पाठ तांबूस, पोट पिवळंधमक, त्याला काळ्या डोक्याचा भारीट म्हणतात, आणि डोकं-छाती तांबडी असेल तर तो लाल डोक्याचा. मादी मात्र मळकट असते, लांबून बघितलं तर चिमणीच वाटते, म्हणून घोटाळा होतो. काळ्या डोक्याचा येतो तो आग्नेय युरोप, तुर्कस्तान, इराणकडून, लाल डोक्याचा कझाकस्तानकडून. युरोपातली बरीच छोटी पाखरं थंडीला आफ्रिकेत जातात, हा उलटा पूर्वेकडं आपल्याकडं येतो. नवरात्राच्या आसपास थवे दिसायला लागतात आणि पाडव्याच्या आगेमागे जातात, म्हंजे आपली पेरणी झाल्यापासून काढणी होईपर्यंत मुक्काम इथंच.

आता ह्यांना तारीख कळते कशी? यावर आपल्याच देशात भरपूर काम झालंय, बनारस हिंदू विद्यापीठात आणि पुढं लखनौला डॉ. विनोद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं भारीट पिंजऱ्यात ठेवून अभ्यास केलाय. खोलीत दिवा 8 तास ठेवला तर पाखरू बारीकच राहतं, 16 तास ठेवला की काही आठवड्यात अंगावर चरबी चढते, 25 ग्रॅमच्या आसपासचं पाखरू 35 ग्रॅमच्या वर जातं, आणि मग रात्री झोपायचं सोडून पिंजऱ्यात फडफडायला लागतं कारण भारीट प्रवास करतो तो रात्रीचा. दिवस किती मोठा आहे यावर त्याचं सगळं गणित चालतं. यातून आपल्या कामाचं मला जे दिसतं ते असं, की फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस वाढला की हे पाखरू परतीच्या वाटेसाठी खाऊन अंग भरायला लागणार, आणि त्यावेळी ज्याचं रान उशिरा पेरलेलं असेल त्याच्यावर जास्त ताण येणार. म्हणून शिवारातल्या सगळ्यांनी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळात, ओल बघून, जमेल तेवढं एकावेळी पेरा. सगळा शिवार एकदम निसवला, म्हंजे सगळ्यांची कणसं एकावेळी बाहेर पडली, तर थवा वाटला जातो, एकट्याचं रान पुढं किंवा मागं राहिलं की सगळी पाखरं तिथंच.

ताई, तुमची रिबिन वाया गेली नाही, फक्त लवकर लावली आणि एकाच जागी ठेवली. पाखरू शिकतं हो. अमेरिकेत 2007 साली एक प्रयोग छापून आला, पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याच्या स्थलांतरी चिमण्या वॉशिंग्टन राज्यात पकडून विमानानं 3,700 किलोमीटर लांब न्यू जर्सीत नेऊन सोडल्या, तर आधी एकदा प्रवास केलेल्या मोठ्या चिमण्यांनी दिशा बदलून आपल्या नेहमीच्या थंडीच्या मुक्कामाची वाट धरली, आणि पहिल्याच वर्षीची पिल्लं मात्र सरळ दक्षिणेकडं निघाली. देश वेगळा, पाखरू वेगळं, पण इतक्या लांबून वाट सुधारणारं पाखरू जर असतं तर न हलणाऱ्या रिबिनीत धोका नाही हे कळायला चार दिवस पुष्कळ झाले. म्हणून ज्वारी पोटरीत असताना, म्हंजे कणीस अजून पानाच्या आत असताना, काही लावू नका, दाण्यात चिक भरायला लागला की लावा, पिकाच्या वर हातभर उंच, पीळ देऊन आणि वाऱ्याला आडवी, म्हंजे ती फडफडते आणि आवाज येतो. दर तीन दिवसांनी जागा बदला. नुसत्या रिबिनीवर राहू नका, गोफण, डबा, माळ्यावर माणूस, हे आलटून पालटून करा.

खरी राखण लागते चिकापासून दाणा टणक होईपर्यंत, साधारण तीन आठवडे, आणि तीही दिवसभर नाही. थवा सकाळी उजाडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर खायला उतरतो, मधल्या उन्हात बांधावरच्या बाभळीत बसतो. दोन दिवस नुसतं बघा कुठल्या बाभळीतून कुठल्या कोपऱ्यावर येतात, पहिला दणका त्याच कडेला बसतो, माणूस आणि रिबिन तिकडंच ठेवा. बाभळ तोडू नका, पाखरं पुढच्या झाडावर जातील आणि तुमची सावली जाईल. बियाण्याचा किंवा हुरड्याचा छोटा तुकडा असेल तर जाळी परवडते, दोन एकराला नाही. आणि दाणा पक्व झाला की काढणी रेंगाळू देऊ नका.

औषधाचं विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो, नाही. धान्याला विष लावून टाकणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे हे एक, आणि दुसरं म्हंजे त्याच रानात पोरं हुरडा खातात, कडबा जनावरं खातात. विषानं भारिटाबरोबर भोरड्याही मरतात. भोरड्या, म्हंजे पळसमैना, ज्वारी खातात हे खरं, पण नाकतोडे-टोळ त्यांच्याएवढे दुसरं कोण खातं? चीनच्या शिनजियांगमध्ये टोळ आवरायला त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांची घरटी बांधतात.

एका पोरानं विचारलं होतं की घरातल्या चिमण्या कमी झाल्या त्या शेतात गेल्या का, का ह्या पण बाहेरून येतात? आपली घरचिमणी बारमाही इथलीच, ती कुठं जात नाही. तिचीच एक जात मध्य आशियात आहे, माणसापासून लांब राहते आणि थंडीला पाकिस्तान, वायव्य भारताकडं उतरते. सोलापूरच्या शाळूवर दिसते ती मात्र आपलीच चिमणी, आणि ती पिल्लांना अळ्या, किडे चारते, म्हणून घराच्या वळचणीतलं तिचं घरटं काढू नका.

दादा, उद्या सकाळी सातला कडेच्या दहा कणसांचा दाणा नखानं दाबून बघा. पांढरा चिक येत असेल तर राखणीला माणूस आजच सांगून ठेवा. दाणा कडक लागला तर राखणीवर खर्च करू नका, काढणीची तयारी करा आणि मला फोनवर कळवा, मी बुधवारी तिकडं येतोय तर रान बघून जाईन.