देवावर भरवसा आणि जोडीदाराचा नव्याने शोध

प्रश्न : आदरणीय ताई, माझे वय ३४ आहे. चार वर्षांचे नाते मागच्या वर्षी संपले. ते सुरू होण्याआधी मी जोडीदारासाठी रोज प्रार्थना करत असे. ओळख झाली त्या रात्री मी प्रार्थनेच्या वहीत ‘देवा, तू ऐकलेस’ असे लिहिले. आमच्या दोघांच्या आजींचे नाव एकच होते, ज्या कार्यक्रमात भेट झाली तिथे मी खरे तर जाणारच नव्हते, आणि त्याच आठवड्यात माझी रखडलेली नोकरी पक्की झाली. या साऱ्या मला खुणा वाटल्या. लग्नाचा विषय निघाला की तो मात्र टाळत राहिला आणि शेवटी ‘माझ्या मनाची तयारी नाही’ एवढेच सांगून निघून गेला. आता एका परिचितांनी एका गृहस्थांशी ओळख करून दिली आहे. स्वभावाने ते बरे वाटतात, पण या वेळी कोणतीच खूण दिसत नाही. मी स्वतःहून पुढे जाणे म्हणजे माझी श्रद्धा कमी पडणे आहे का? की देव पाठवील तोवर थांबावे? आणि पहिल्या वेळी त्याने ऐकलेच नव्हते असे समजायचे का?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचे दोन्ही त्यावर अवलंबून आहेत. तुमच्या प्रार्थनेत काही खोट होती असे मला वाटत नाही. तुम्ही जे मागत होतात ते दोन माणसांच्या इच्छेवर चालणारे होते आणि त्यातल्या एकाने नकार दिला. माणसाला निवडीचे स्वातंत्र्य देवानेच दिले आहे असे आपण मानत असू, तर ते त्या माणसालाही दिलेले आहे. त्याने ते वापरले म्हणून त्याचा बोजा तुम्ही आपल्या श्रद्धेवर घेण्याचे कारण नाही. ही तुमच्या कर्माची शिक्षा होती, किंवा याहून चांगले काही द्यायचे म्हणून देवानेच हे मोडले, असे सांगणारी माणसे तुम्हाला भेटली असतील. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु देवाच्या मनातले इतक्या खात्रीने सांगण्याचा अधिकार त्यांनाही नाही आणि मलाही नाही. राग येत असेल तर तो देवासमोरच बोलून दाखवा. तुकारामांनी अभंगांतून विठोबाशी भांडण केले, बायबलमधल्या स्तोत्रकर्त्याने ‘कोठवर?’ असा परमेश्वराला जाब विचारला, आणि भाविकांनी ते शब्द आजवर भक्तीचेच शब्द म्हणून जपले आहेत.

आता खुणांविषयी. तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती मोकळेपणाने सांगते. आजींची नावे, कार्यक्रम आणि नोकरी यांविषयी तुम्ही तपशिलाने लिहिले आहे. त्या माणसाच्या वागण्याविषयी मात्र पत्रात एकच वाक्य आहे, आणि नेमके तेच वाक्य सगळे सांगून जाते. लग्नाचा विषय निघाला की तो टाळत राहिला. ही गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर होती, पण खुणा मनात इतक्या पक्क्या बसल्या होत्या की तिचे वजन तुम्हाला जाणवले नसावे. यात तुमचा दोष नाही. एखादी गोष्ट मनापासून हवी असली की तिला पुष्टी देणारे तेवढे आपल्याला दिसते आणि विरुद्ध जाणारे नजरेआड होते. हा माणसाच्या मनाचा स्वभावच आहे, आणि मन श्रद्धाळू असले तरी तो बदलत नाही. जमल्यास ती वही पुन्हा उघडा आणि तो आजारपणात, वादात, दिलेला शब्द पाळताना कसा वागला याच्या नोंदी तिच्यात किती सापडतात ते पाहा. सापडल्या नाहीत, तर पुढची पाने कशाने भरायची हे तुम्हाला आपोआप कळेल. म्हणूनच या वेळी खूण दिसत नाही याची मला जराही काळजी वाटत नाही. उलट, या गृहस्थांकडे तुम्ही प्रथमच नीट पाहू शकाल.

थांबावे की पुढे जावे, हा तुमचा दुसरा प्रश्न. ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्याकडे आळशी माणसाला उद्देशून वापरतात, मात्र लग्नाचा विषय आला की तीच वृत्ती आपल्याला भक्ती वाटू लागते. भागवतातली रुक्मिणी आठवा. भावाने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवलेले असताना तिने स्वतः श्रीकृष्णाला पत्र धाडले. सात श्लोकांच्या त्या पत्राची सुरुवात तिने ऐकलेल्या त्याच्या गुणांपासून होते, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आपण नगराबाहेर देवीच्या दर्शनाला येऊ, तिथून आपल्याला घेऊन जावे, हेही तीच सुचवते. तिच्या प्रार्थनेची जागा आणि तिने योजलेली भेटीची जागा एकच होती. तिच्या श्रद्धेविषयी कोणी शंका घेतलेली मी ऐकलेली नाही.

तुमच्यासारखीच, काही गमावल्यानंतर नव्याने सुरुवात करणाऱ्या स्त्रीची कथा हवी असेल, तर ती बायबलमधल्या रूथची आहे. पती गेल्यावर ती सासूबरोबर बेथलेहेमला आली आणि पोटासाठी शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसे, वेचू लागली. ते शेत तिच्या सासऱ्याच्या नात्यातल्या बवाज नावाच्या माणसाचे होते. सातूच्या कापणीपासून गव्हाची कापणी संपेपर्यंत ती तिथे वेचत राहिली. म्हणजे मजुरांशी तो कसा बोलतो आणि परक्या बाईला कसे वागवतो, हे तिला एका दिवसात नव्हे, तर अख्ख्या हंगामात दिसले. पुढे तिने स्वतः त्याला लग्नाविषयी विचारले. विधवेशी लग्न करण्याचा हक्क तिथल्या रीतीप्रमाणे पतीच्या जवळच्या नातलगाचा असे. तेव्हा आपल्याहून जवळचा एक नातलग आहे आणि पहिला हक्क त्याचा आहे, हे त्याने तिथल्या तिथे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी वेशीवर दहा वडीलधाऱ्यांसमोर तो प्रश्न निकालात काढला. अडचण न लपवणारा आणि ती चारचौघांत सोडवणारा माणूस कसा असतो, ते या कथेत स्पष्ट दिसते. तुमच्या मागच्या नात्यात नेमके हेच नव्हते.

मग देवावर भरवसा ठेवायचा तो कशासाठी? माझ्या मते त्याची खरी गरज लागते ती सरळ प्रश्न विचारताना. ‘तुम्हाला लग्न करायचे आहे का, आणि साधारण केव्हा?’ हा प्रश्न तुम्ही चार वर्षे स्पष्टपणे विचारू शकला नाहीत, कारण उत्तर ‘नाही’ आले तर सारेच कोसळेल अशी भीती होती. ‘नाही’ ऐकल्यानंतरही देव आपल्याला सोडणार नाही असे ज्याला मनातून वाटते, त्यालाच तो प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात विचारण्याचे बळ येते. समोरचा माणूस आपलाच ठरेल याची हमी श्रद्धा देत नाही, आणि तशी हमी तिच्याकडून मागूही नये.

निर्णयाची वेळ आली की एक रीत करून पाहा. इग्नाशियस लोयोला (१४९१–१५५६) हे ख्रिस्ती संत साधकांना सांगत असत, की जिला आपण कधी पाहिलेले नाही, पण जिचे भले व्हावे असे वाटते, अशी व्यक्ती हाच प्रश्न घेऊन आली तर तिला काय सल्ला द्याल ते ठरवा, आणि मग तोच आपण पाळा. मन अगदी खचलेले असताना आधीचे विचारपूर्वक घेतलेले निर्णय बदलू नयेत, असेही ते सांगत. तेव्हा ज्या संध्याकाळी जुन्या आठवणी फार छळतात, त्या संध्याकाळी या गृहस्थांना होकारही कळवू नका आणि नकारही. आणखी एक सावधगिरी सांगते. पुढे त्यांनी किंवा आणखी कोणी ‘तुझ्याशीच लग्न कर असे देवाने मला सांगितले आहे’ असे म्हणून तुमच्यावर घाई लादली, तर तिथेच थांबा. देवाचे नाव पुढे केले की समोरच्याला नकार देणे जड जाते, आणि हे ओळखून ते नाव वापरणारी माणसे असतात.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा असून माझा घटस्फोट झाला आहे. आमच्या उपासना मंडळातील एका बाईंशी माझी मैत्री वाढते आहे. पहिल्या लग्नाविषयी त्यांना अजून बोललो नाही. योग्य वेळ देव आणील तेव्हा सांगावे, असे मनात आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, बरोबर नाही. मैत्री वाढते आहे असे तुम्हीच लिहिले आहे, म्हणजे ती वेळ आलेली आहे. ती देवाच्या नावावर पुढे ढकलू नका. त्या बाई आज ज्या भावनेने तुमच्याकडे पाहत आहेत तिच्यातला एक भाग अपुऱ्या माहितीवर उभा आहे, आणि जितके दिवस जातील तितकी त्यांची फसवणूक झाल्याची भावना तीव्र होईल. शिवाय मंडळात कोणा ना कोणाला तुमची हकिगत ठाऊक असणारच. ती तिसऱ्याकडून त्यांच्या कानावर जाणे सर्वांत वाईट. पुढच्या भेटीत, मंडळाच्या आवारात घाईघाईने न सांगता, दोघांना निवांत बसता येईल अशा ठिकाणी सांगा. लग्न कधी झाले, कधी संपले, कायदेशीर कारवाई पूर्ण झाली आहे का, मुले आहेत का आणि त्यांची जबाबदारी कोणाकडे आहे, एवढे स्पष्ट असावे. पहिल्या पत्नीच्या दोषांची यादी त्यात नसावी. तुमच्याकडून काय कमी पडले याचा विचार झाला असेल तर तेही जरूर सांगा. त्यांनी विचार करायला अवधी मागितला, तर तो द्या आणि त्या काळात फोन करून उत्तराची आठवण करून देऊ नका.