थंडरबर्डमधले नको असलेले फोल्डर: उडवायच्या आधी तो राहतो कुठं ते बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निपाणीत बियाणं-खतांचं दुकान, एक जीमेल, एक दुकानाच्या डोमेनचा मेल आणि एक फार जुनं पॉप खातं (मेल सर्व्हरवरून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं), तिन्ही थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये. डाव्या पट्टीत 'सेंट' तीन-तीन दिसतात, 'एनएसटीएमपी' नावाची सात-आठ पिल्लं झालीत, '2023' नावाचा फोल्डर क्लिक केलं तरी उघडत नाही, आणि डोमेनच्या खात्यात उडवलेला फोल्डर दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला परत हजर. पुतण्या म्हणतो विंडोज नव्यानं टाकूया.

पुतण्याला आधी थांबवा. जीमेलचे आणि डोमेनचे मेल सर्व्हरवर आहेत, ते परत येतील. पण पॉप खात्याचे दहा-बारा वर्षांचे मेल बहुधा फक्त तुमच्या त्या एका डिस्कवर आहेत. विंडोज टाकताना ती पुसली तर कंपन्यांची जुनी दरपत्रकं, बिलं, सगळं गेलं.

बेळगावात उद्यमबागेतल्या चार कारखान्यांची आणि शहापूर-वडगावकडच्या दोन-तीन सीएंची कॉम्प्युटर मी बघतो. "हे कुठनं आलं ओ?" हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी फोनवर येतो. उत्तर देण्याआधी मी एकच विचारतो: तो फोल्डर राहतो कुठं? सर्व्हरवर, तुमच्या डिस्कवर, की नुसता पडद्यावर? पट्टीत तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून माणूस सगळ्यांवर एकच औषध करतो, ते म्हणजे डिलीटचं बटण. ओळखायला सोपं आहे. ब्राउझरमध्ये मेल उघडा. तिथंही तो फोल्डर दिसला तर तो सर्व्हरवरचा. तिथं नसेल आणि थंडरबर्डमध्ये 'लोकल फोल्डर्स' किंवा पॉप खात्याखाली असेल तर तो डिस्कवरचा.

आता एनएसटीएमपी. हा व्हायरस नाही, कुणी मुद्दाम केलेलाही नाही. थंडरबर्ड एका फोल्डरमधले सगळे मेल एका लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक ठेवतो. किर्द लिहितात तसं. तुम्ही मेल उडवला की तो फाइलमधून निघत नाही, त्याच्यावर नुसती काट मारली जाते. अशा काटा वाढल्या की थंडरबर्ड 'कॉम्पॅक्ट' करतो, म्हणजे कोरी वही काढून चालू नोंदी तेवढ्या उतरवून घेतो, आणि मग जुनी वही टाकून नव्या वहीवर जुन्याचं नाव घालतो. या कोऱ्या वहीचं तात्पुरतं नाव म्हणजे एनएसटीएमपी. काम नीट पार पडलं तर ती तुम्हाला कधी दिसतही नाही. मध्येच लाईट गेली, डिस्क भरली, किंवा अँटिव्हायरसनं नेमकी तीच फाइल तपासायला धरून ठेवली, तर नाव बदलायचं राहून जातं आणि अर्धवट वही तशीच पडून राहते. थंडरबर्डला त्या कप्प्यात मेलची फाइल दिसली की तो तिला फोल्डर समजून पट्टीत मांडतो. पुढच्या वेळी ते नाव अडलेलं असतं म्हणून पुढची 'एनएसटीएमपी-1', मग '-2'. तुमच्याकडं सात-आठ आहेत म्हणजे सात-आठ वेळा काम अर्धवट राहिलंय. पावसाळ्यात आपल्याकडं लाईटीचा जो खेळ असतो तो बघता मला नवल वाटत नाही. यूपीएसची बॅटरी कधी बदललीय ते एकदा बघा.

या फाइली उडवायच्याच आहेत, पण डोळे झाकून नको. बहुतेक वेळा त्यात असलेले मेल मूळ फोल्डरमध्येही असतात. क्वचित उलटं होतं: मूळ फाइल बिघडते आणि शाबूत प्रत एनएसटीएमपीमध्ये राहते. एका कारखान्यात मी आल्याबरोबर झाडून काढायला निघालो होतो. सहज म्हणून एकीवर क्लिक केलं तर आत खरेदीखात्याचे दीडेक वर्षाचे मेल, आणि इनबॉक्समध्ये त्या काळातला एकही नाही. तेव्हापासून क्रम ठरवून टाकलाय.

आधी वरच्या 'हेल्प' मेनूतून 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा. तिथं 'प्रोफाइल फोल्डर' (थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग ठेवतो ती जागा) असं लिहिलेलं असतं आणि शेजारी तो उघडायचं बटण. तो उघडून ठेवा, थंडरबर्ड बंद करा, आणि अख्खा प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. मोठा असेल, वेळ लागेल, चहा घ्या. ही कॉपी झाल्याशिवाय पुढं जाऊ नका.

मग थंडरबर्ड परत सुरू करून एकेका एनएसटीएमपीवर क्लिक करा. रिकामा निघाला तर सोडा. आत मेल असतील तर तारखा बघा आणि तेच मेल इनबॉक्समध्ये आहेत का ते दोन-चार ठिकाणी पडताळा. नसतील तर 'लोकल फोल्डर्स'मध्ये 'वाचवलेले' असा फोल्डर करून सगळे तिकडं कॉपी करा. सगळ्या तपासून झाल्या की थंडरबर्ड पुन्हा बंद. टास्क मॅनेजरमध्ये खरंच बंद झालाय का बघा, कधीकधी खिडकी जाते पण मागं चालू राहतो. प्रोफाइलमध्ये 'मेल' नावाच्या कप्प्यात आणि आयमॅप खात्यांसाठी (मेल सर्व्हरवरच ठेवणारी, म्हणजे तुमचं जीमेल आणि डोमेनचं) 'आयमॅपमेल' नावाच्या कप्प्यात या फाइली सापडतील. प्रत्येकीची जोडी असते: एक बिनशेपटीची, तीत मेल असतात, आणि दुसरी एमएसएफ शेपटीची (नावाच्या शेवटी टिंब आणि एमएसएफ), ती नुसती अनुक्रमणिका. एनएसटीएमपीच्या दोन्ही उडवा. दुसऱ्या कुठल्या नावाची बिनशेपटीची फाइल चुकूनसुद्धा उडवू नका. एमएसएफ गेली तर थंडरबर्ड ती परत बनवतो. पॉप खात्यात बिनशेपटीची गेली तर मेलच गेले.

शेवटी अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल फोल्डर वगळलेल्या जागांच्या यादीत घाला. हे नाही केलं तर एनएसटीएमपी पुन्हा दिसू शकतो. प्रोफाइल क्लाउडला सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये असेल तर तिथनंही काढा, तीही फाइल अडकवणारी गोष्ट आहे. डिस्कवर जागा किती उरलीय तेही बघा. नवी वही जुनीइतकी मोठी होऊ शकते, म्हणजे सगळ्यात मोठ्या फोल्डरएवढी जागा तरी मोकळी हवी.

आता तीन 'सेंट', आणि डिलीट करूनही उगवणारा फोल्डर. मुळात ही एकच तक्रार आहे. तुमच्या डोमेनच्या मेलवर ब्राउझरवाल्या मेलनं एक 'सेंट' केला, पूर्वी तुम्ही आउटलुक वापरत होता असं लिहिलंय, त्यानं 'सेंट आयटम्स' केला, आणि तिसरा फोनवरच्या अ‍ॅपनं आपल्या मनानं 'सेंट मेसेजेस' केला. प्रत्येक प्रोग्रॅमला पाठवलेले मेल ठेवायला जागा लागते. सांगितलेलं नाव सापडलं नाही की तो नवीन फोल्डर करून मोकळा होतो. म्हणून तुम्ही रात्री 'सेंट मेसेजेस' उडवलात आणि सकाळी फोनवरून पहिला मेल गेला की तो परत आला. हराळी वरून खुडल्यासारखं आहे हे, मुळी फोनमध्ये आहे.

काम उलट्या बाजूनं करा. कुठला एक ठेवायचा ते आधी ठरवा. मी सर्व्हरचा मूळचा 'सेंट' ठेवतो, म्हणजे ब्राउझरवाला मेल जो वापरतो तो. मग थंडरबर्डच्या 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये त्या खात्याच्या 'कॉपीज अँड फोल्डर्स'मध्ये जाऊन पाठवलेल्या मेलसाठी 'अदर' निवडून नेमका तो फोल्डर दाखवा. तिथंच 'ड्राफ्ट्स' आणि 'अर्काइव्ह्ज' हेही बघून घ्या. उडवलेले मेल कुठं जावेत ते मात्र 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये असतं. फोनच्या अ‍ॅपमध्येही हेच, बहुतेक अ‍ॅपमध्ये खात्याच्या प्रगत सेटिंगमध्ये ते सापडतं. सगळे एकाकडं वळले की बाकीच्या दोघांतले मेल ओढून त्यात टाका, आणि मगच रिकामे झालेले दोन उडवा. क्रम चुकला तर परत पहिल्यापासून.

उडवताना एक लक्षात ठेवा. डोमेनच्या साध्या आयमॅप खात्यात फोल्डर उडवला तर तो आतल्या मेलसकट जातो, सर्व्हरवरूनही. थंडरबर्ड आधी त्याला 'ट्रॅश'खाली टाकतो, म्हणून काही दिवस 'ट्रॅश'च्या पोटात तो दिसेल, घाबरू नका. जीमेलमध्ये फोल्डर म्हणजे खरं तर लेबल, चिठ्ठी. चिठ्ठी काढली तरी मेल 'ऑल मेल'मध्ये राहतो. जीमेलवर सवय लागलेला माणूस डोमेनच्या खात्यात त्याच बिनधास्तपणे फोल्डर उडवतो आणि मग मला फोन करतो. आणि त्या फोल्डरवर एखादा मेसेज फिल्टर (आलेले मेल आपोआप त्यात टाकणारा नियम) लावलेला असेल तर फोल्डर गेल्यावर तो फिल्टर बंद पडतो.

'2023'चं कोडं मात्र तुमच्या हिशेबनीसानं घातलंय, पैज लावतो. जीमेलमध्ये '2023/24' असं लेबल केलेलं असणार, आर्थिक वर्षाचं. जीमेलला तिरपी रेघ म्हणजे पोटफोल्डर. त्यामुळं थंडरबर्डला '2023' नावाचा बाप आणि त्याच्या पोटात '24' असं दिसतं. बाप प्रत्यक्षात नाहीच, नुसतं नाव, म्हणून तिरक्या अक्षरात दिसतो आणि उघडत नाही. ब्राउझरमध्ये जाऊन लेबलचं नाव '2023-24' करा, आडवी रेघ. तसंच जीमेलच्या नावाचा चौकटी कंसातला जो फोल्डर आहे तोही नुसतीच छत्री आहे. त्याच्यात मेल नसतात आणि तो जातही नाही, राहू द्या. त्याच्याखालचे 'इम्पॉर्टंट', 'स्टार्ड', 'ऑल मेल' नको असतील तर ब्राउझरमधल्या जीमेलच्या सेटिंगमध्ये 'लेबल्स'च्या पानावर प्रत्येकासमोर 'शो इन आयमॅप'ची चौकट असते, ती रिकामी करा. फक्त 'ऑल मेल' लपवलात तर अर्काइव्ह केलेले मेल थंडरबर्डमध्ये सापडणार नाहीत, ते चालत असेल तरच.

जीमेलचं आणखी एक. त्याच्या या ठरलेल्या फोल्डरांची नावं जीमेलच्या भाषेवर चालतात. खानापूरकडच्या एका ऑफिसात नवीन मुलगा आला, कन्नड माध्यमात शिकलेला. त्यानं आपल्या सोयीसाठी जीमेल कन्नडमध्ये करून घेतलं. सकाळी थंडरबर्डमध्ये सगळी नावं कन्नड, आणि सेटिंग अजून जुन्या इंग्रजी नावांकडं बोट दाखवतंय. मालकांना वाटलं खातं हॅक झालं. भाषा इंग्रजी केली, थंडरबर्ड बंद करून उघडला, संपलं. इंग्रजीतही ब्रिटिश निवडली तर 'ट्रॅश'ऐवजी 'बिन' येतं, एवढ्यावरूनही लोक गोंधळतात.

माणसांनी केलेले जोडफोल्डरही असतात, त्याला कुठलं सेटिंग नाही. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं सरकारी नाव बदललं, तेव्हापासून माझ्या एका गिऱ्हाइकाकडं 'बेळगाव', 'बेलगाम' आणि 'बेळगावी' असे तीन फोल्डर आहेत, तीन क्लार्कांनी तीन वेळी केलेले. कुठलं नाव खरं यावर त्या ऑफिसात अजून एकमत नाही, तिथं मी हात घालत नाही.

तुमच्या पट्टीत प्रत्येक खात्याचा इनबॉक्सही दोनदा दिसतो असं शेवटी लिहिलंय. ते फक्त पडद्यावरचं आहे. थंडरबर्डच्या नव्या आवृत्त्यांत पट्टीत एकाच वेळी अनेक प्रकारे फोल्डर दाखवता येतात. पट्टीच्या वरच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'फोल्डर मोड्स'मध्ये बघा, 'ऑल फोल्डर्स' आणि 'युनिफाइड फोल्डर्स' दोन्हींवर खूण असेल. एकावरची काढा. त्याच मेनूत 'लोकल फोल्डर्स' लपवायचीही सोय आहे. तो उडवता येत नाही, न गेलेले मेल ठेवायचा 'आउटबॉक्स' त्यातच असतो. पण 'वाचवलेले' केला असाल तर इतक्यात लपवू नका.

सर्व्हरवरून गेलेला पण पट्टीत अजून लटकणारा एखादा उरला तर खात्याच्या नावावर उजवी क्लिक करून 'सबस्क्राइब' उघडा आणि त्याच्यासमोरची खूण काढा.

आज फक्त प्रोफाइलची कॉपी घ्या आणि एकेक एनएसटीएमपी उघडून कुठल्या रिकाम्या, कुठल्या भरलेल्या ते कागदावर लिहून ठेवा. भरलेली एखादी असेल तर तिच्यातली पहिली आणि शेवटची तारीख इथं टाका, उडवायची की राखायची ते बघून सांगतो. पुतण्याला यूपीएस बघायला सांगा, तेवढंच त्याला काम.