‘नीट’ नको, जीवाश्म हवेत

हिंगणघाटहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी अकरावी सायन्सला. घरात सगळे ‘नीट’ची वाट बघतायत आणि ती म्हणते, मासे जमिनीवर कसे आले ते शिकायचंय. वर गणितही सोडायचा विचार आहे. आई विचारते, “यात पोटापाण्याचं काही आहे का, की हे खूळ आहे?”

नमस्कार ताई,

खूळ नाही. पण वाट लांबची आहे. एमएस्सी, मग पीएचडी, तोवर तिशी जवळ येते. एवढं करूनही निव्वळ जीवाश्मांवर संशोधनाच्या कायम जागा आपल्याकडे मोजक्याच. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था (नावावर जाऊ नका, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातले जीवाश्म तिथल्याच लोकांनी काढलेत), लखनौची बिरबल साहनी संस्था, काही विद्यापीठं, आयआयटी.

म्हणून माझं मत सरळ आहे. तिला भूशास्त्राकडून जाऊ द्या. झूऑलॉजीतूनही तिथे पोचता येतं, पण भूशास्त्राच्या एमएस्सीवर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देता येते, भूजल आणि कोळसा खाणींतली कामं मिळतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय तर नागपुरातच आहे. जीवाश्म नाही जमले तरी ताटात भात राहतो. आणि गणित सोडू देऊ नका. जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवा, कारण काही ठिकाणी गणिताशिवाय प्रवेशच होत नाही.

‘नीट’ द्यायला हरकत नाही, पण तिच्या मनाविरुद्ध दोन वर्षं रिपीट मात्र करायला लावू नका.

तिनं पत्राखाली स्वतः एक ओळ लिहिलीय, “बेडूक कुणाचा वंशज यावर अजून भांडण आहे, मला त्यात पडायचंय.” मला ती ओळ आवडली. भांडण खरंच आहे. बहुतेकांचं मत टेम्नोस्पाँडिल नावाच्या जुन्या उभयचरांकडे झुकतं, काहींचं लेपोस्पाँडिल या दुसऱ्या जुन्या गटाकडे. आणि यातला एक टेम्नोस्पाँडिल तुमच्याच भागातला! नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना एक चपटी, रुंद कवटी मिळाली. (नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.) १८५५ मध्ये लंडनला रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन छापलं, नाव दिलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स, आणि चक्क सरपटणारा प्राणी म्हणून नोंदवली. आज तिच्या नावानं टेम्नोस्पाँडिलांचं एक अख्खं कुळ ओळखलं जातं. कवटी तीच, खाना बदलला. वर्गीकरण म्हणजे हेच काम, आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

तिला जीवाश्म-अभ्यासक जेनी क्लॅक यांच्याबद्दल वाचायला सांगा. झूऑलॉजी शिकून त्या काही वर्षं संग्रहालयात नोकरी करत होत्या, पीएचडी नंतरची. केंब्रिजमध्ये एका विद्यार्थ्याची १९७० ची ग्रीनलंडची वही त्यांच्या हाती आली. तिच्यातल्या जीवाश्मांच्या नोंदीवरून १९८७ मध्ये त्या तिथे गेल्या आणि अकँथोस्टेगा या पाण्यातच राहणाऱ्या, सुरुवातीच्या चारपायी प्राण्याचे उत्तम सांगाडे घेऊन आल्या. पुढच्या एकेका पायाला आठ बोटं! म्हणजे पाच बोटांचा नियम नंतरचा, आणि बोटं आली ती पाण्यात असतानाच.

खरी परीक्षा घरीच घेता येईल. बाजारातून मोठ्या रोहूचं डोकं आणा, खांद्यापर्यंतचा भाग ठेवून कापून मागा. घरात चालत नसेल तर अंगणात उकळा. मग तिनं चिमट्यानं एकेक हाड सुटं करायचं, धुवायचं, कागदावर पुन्हा मांडायचं. कवटीपासून खांद्यापर्यंत हाडांची साखळी सापडेल. म्हणूनच माशाला मान नसते. कॅनडाच्या एल्समिअर बेटावर २००४ मध्ये मिळालेल्या, सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या टिकटालिक या माशात मात्र ही साखळी तुटलेली आहे.

तीन-चार रविवार जातील. चौथ्या रविवारीही ती उठून बसली, तर मला कळवा. पुढच्या प्रवेशांचं आपण सविस्तर बोलू.