थाई रुग्णांसाठी नैराश्याची प्रश्नावली वापरताना कटऑफ कसा ठरवावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : थायलंडच्या ईशान्य भागात मधुमेहाच्या रुग्णांमधील नैराश्य शोधायचे आहे, त्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली इंग्रजीतून थाईमध्ये आणावी, तिचे उलट भाषांतर (थाईतून पुन्हा इंग्रजीत) करून पडताळावे, दोनशे रुग्णांकडून ती भरून घेऊन क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्नांची परस्पर सुसंगती दाखवणारा आकडा, काढावा आणि मूळ प्रश्नावलीप्रमाणे १० हाच कटऑफ, म्हणजे ज्या गुणांपासून नैराश्याचा संशय धरायचा ती सीमा, धरावा, एवढा आराखडा पुरेसा होईल का? माझ्या मते तो पुरेसा नाही, आणि त्यातली पहिली पायरी तर करण्याचीच गरज नाही.

थाई पीएचक्यू-९ पूर्वीपासून उपलब्ध आहे. मानोत लोत्राकुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बँकॉकच्या रामाथिबोदी रुग्णालयातील कौटुंबिक वैद्यक विभागात तिची चाचणी घेतली आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्या कामाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचे म्हणजे थायलंडच्या मानसिक आरोग्य विभागाची स्वतःची साधने आहेत. त्यांपैकी ९क्यू ही प्रश्नावली उबोन रात्चाथानी येथील फ्रा सी महाफो मनोरुग्णालयाच्या पुढाकाराने, ईशान्येच्या इसान बोलीचा विचार करून तयार झाली आहे. आपले रुग्ण त्याच भागातले असतील, तर नवे भाषांतर करण्यात वेळ आणि पैसा घालवण्याआधी हे साधन बारकाईने पाहावे.

तिथली पद्धत टप्प्याटप्प्याची आहे. आधी दोनच प्रश्न विचारले जातात : गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, खिन्न किंवा हताश होते का, आणि कशातच रस वाटेनासा झाला होता का. एका जरी प्रश्नाला होकार आला, तरी ९क्यूचे नऊ प्रश्न विचारायचे. त्यांत ७ किंवा अधिक गुण आले, तर आत्महत्येच्या धोक्यासंबंधीचे आठ प्रश्न घ्यायचे आणि रुग्णाला पुढच्या तपासणीसाठी पाठवायचे. पहिले दोन प्रश्न गावचा आरोग्य स्वयंसेवकसुद्धा विचारू शकतो. थायलंडमध्ये असे स्वयंसेवक दहा लाखांहून अधिक आहेत आणि त्यांचे गावाशी असलेले नाते आपल्याकडील आशा कार्यकर्तीच्या नात्याच्या जवळ जाणारे आहे. प्रश्न घराच्या ओट्यावर, इसानमध्ये, ओळखीच्या माणसाकडून कानावर पडतो, ही गोष्ट मापनाचाच भाग मानली पाहिजे. तोच प्रश्न पांढरा कोट घातलेल्या अनोळखी व्यक्तीने बँकॉकच्या प्रमाण थाईमध्ये विचारला, तर वयस्कर शेतकरी संकोचाने ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होईल, आणि त्याचा तो शून्य गुण आपल्या तक्त्यात निरोगीपणा म्हणून नोंदला जाईल. म्हणून प्रश्नावली कोणी, कोठे आणि कोणत्या बोलीत वाचून दाखवली, याची नोंद प्रत्येक अर्जावर ठेवा.

आता उलट भाषांतराविषयी. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत उपयुक्त आहे, परंतु तिच्यावर संशोधकांचा फार विश्वास बसलेला दिसतो. रुग्णालयीन चिंता व नैराश्य मापनपट्टीचे, म्हणजे एचएडीएसचे, उदाहरण घ्या. तिच्या एका विधानात भीतीच्या भावनेला पोटातील फुलपाखरांची उपमा दिली आहे. हे शब्दशः थाईमध्ये नेले, तर दुसरा भाषांतरकार ते बिनचूक इंग्रजीत परत आणील आणि पडताळणी उत्तीर्ण होईल. मात्र मधल्या थाई वाक्यावरून गावातल्या माणसाला काहीच बोध होणार नाही. आपण मराठीत अशा वेळी ‘पोटात गोळा आला’ म्हणतो, आणि तसा ज्या त्या भाषेतला रुळलेला प्रयोग शोधावा लागतो. हा दोष उघडा पडतो तो दहा-पंधरा रुग्णांशी सावकाश बोलल्यावर, प्रत्येक प्रश्न वाचून ‘तुम्हाला यातून काय समजले, ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारल्यावर. तयार थाई साधन वापरले, तरीही ही पायरी आपल्या मधुमेही रुग्णांसोबत अवश्य करा.

अल्फाबद्दल थोडक्यात सांगतो. थाई पीएचक्यू-९ चा अल्फा ०.७९ आला होता, जो चांगलाच आहे. पण त्यावरून नऊ प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत एवढेच कळते, ते नैराश्यच मोजतात की आणखी काही, हे कळत नाही. आपल्या अभ्यासात ही शंका विशेष खरी आहे, कारण थकवा, झोपमोड आणि भूक बदलणे या तक्रारी अनियंत्रित मधुमेहातही असतात आणि त्या प्रश्नांवर रुग्णाला नैराश्य नसतानाही गुण मिळतात. एचएडीएसमध्ये शारीरिक लक्षणे जाणीवपूर्वक वगळलेली आहेत आणि तिची थाई आवृत्ती १९९६ पासून आहे, त्यामुळे तुलनेसाठी तिचा विचार करता येईल. मात्र तिच्या वापरासाठी परवाना घ्यावा लागतो, पीएचक्यू-९ साठी लागत नाही.

माझा खरा आक्षेप कटऑफला आहे. २००१ मध्ये अमेरिकेतील मूळ अभ्यासात १० गुणांवर संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती सापडतात) आणि विशिष्टता (नैराश्य नसलेल्यांपैकी किती जण बरोबर वगळले जातात) दोन्ही ८८ टक्के होत्या. रामाथिबोदीमध्ये ९ हा कटऑफ योग्य ठरला, आणि तिथेही संवेदनशीलता ८४ टक्के व विशिष्टता ७७ टक्के एवढीच मिळाली. या आकड्यांचा अर्थ प्रत्यक्ष माणसांच्या संख्येत पाहावा. त्या अभ्यासातील २७९ रुग्णांपैकी मुलाखतीने १९ जणांना नैराश्य असल्याचे ठरले. ८४ टक्क्यांप्रमाणे त्यांतले १६ सापडतात आणि ३ निसटतात. उरलेल्या २६० जणांपैकी सुमारे ६० जण नैराश्य नसताना कटऑफच्या वर जातात. म्हणजे प्रश्नावलीने बोट दाखवलेल्या ७६ लोकांपैकी खरे रुग्ण १६, सुमारे २१ टक्के. असे असताना ‘नैराश्याचे प्रमाण’ म्हणून कटऑफच्या वरच्या लोकांची टक्केवारी छापली, तर ७ टक्क्यांच्या जागी २७ टक्के छापले जातील, आणि असे शोधनिबंध वाचताना मला मनापासून वाईट वाटते, कारण पुढे त्याच आकड्यांवर निधी आणि धोरण ठरते.

म्हणून नुसते दोनशे अर्ज भरून घेऊन न थांबता, त्यांतल्या काही रुग्णांची, कमी गुणवाल्यांचीसुद्धा, प्रशिक्षित व्यक्तीकडून ‘मिनी’ (एमआयएनआय) या ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीसारखी रचनाबद्ध निदान-मुलाखत घ्या. मुलाखत घेणाऱ्याला प्रश्नावलीचे गुण ठाऊक नसावेत, आणि दोहोंमध्ये मोजक्या दिवसांचेच अंतर असावे, कारण प्रश्न गेल्या दोन आठवड्यांविषयी आहेत. दोनशेमध्ये खरे रुग्ण पंधरा-वीसच निघाले, तर संवेदनशीलतेचा अंदाज फार ढोबळ राहील; तेव्हा नमुना वाढवा किंवा जास्त गुण मिळालेल्यांची मुलाखत अधिक प्रमाणात घेऊन विश्लेषणात त्याची भरपाई करा. पुढे कधी हेच साधन पट्टनी, यला किंवा नराथिवात या दक्षिणेकडील प्रांतांत न्यायचे झाले, तर तिथे घरोघरी मलय बोलली जाते, हे लक्षात घेऊन कटऑफ पुन्हा ठरवावा लागेल.

आणखी एक गोष्ट नैतिक समितीकडे जाण्याआधीच निश्चित करा : नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांच्या, प्रश्नाला होकार आल्यास त्याच दिवशी रुग्णाशी कोण बोलणार. मानसिक आरोग्य विभागाची १३२३ ही दूरध्वनी सेवा आहे. तो क्रमांक प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या हाती द्या, परंतु तेवढ्यावर न थांबता जिल्हा रुग्णालयातील जबाबदार व्यक्तीचे नाव आराखड्यात लिहा, आणि ती व्यक्ती उपलब्ध असेल त्याच दिवशी अर्ज भरून घ्या.