२०१६ च्या अमेरिकी प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, डेमोक्रॅटिक मतदार एवढे का चिडले होते?

माझ्या मते त्या संतापाचे मूळ हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स या दोन प्रमुख इच्छुकांमधील मतभेदांपेक्षा निवडीच्या नियमांत अधिक होते. न्यूयॉर्कमध्ये मतदान १९ एप्रिल २०१६ रोजी झाले आणि त्यात फक्त पक्षात नोंद असलेल्यांनाच मत देता येत होते. परंतु आधीच नोंदणी असलेल्या मतदारांसाठी पक्ष बदलण्याची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ रोजीच संपली होती, त्यामुळे कोणत्याही पक्षात नोंद नसलेल्या असंख्य नागरिकांना मतदानाच्या दिवशी नुसते पाहत राहावे लागले, आणि हे मला आजही अन्यायकारक वाटते. त्यातच सातशेहून अधिक सुपरडेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडण्यासाठी मत देणारे खासदार, गव्हर्नर आणि पक्षाचे पदाधिकारी, मतदारांच्या कौलाला बांधील नव्हते. क्लिंटन यांना प्रत्यक्ष मतेही अधिक मिळाली होती, हे मात्र वादाच्या भरात अनेकजण विसरले. पुढे २०१८ मध्ये पक्षाने चुरशीच्या लढतीत सुपरडेलिगेटांचा पहिल्या फेरीतील मताधिकार काढून घेतला.